भोंग्यावर लावलेलं घड्याळ

ईशान, मीरा,

तुमच्या आजोबांपासून मी फारसं काही लपवलं नाही. तेवढी जागाच नव्हती घरात. पण ही गोष्ट त्यांनाही शेवटपर्यंत माहीत नव्हती, आणि तुमच्या बाबाला आजही नाही. मी ती कधी कुणाजवळ उच्चारली नाही — देवाजवळसुद्धा नाही. त्याच्यासमोर बसले की मी दुसऱ्याच गोष्टींची क्षमा मागत राहायचे, लहानसहान.

मीरा, मागे तू शाळेत बोललीस. 'माझ्या घरातली एक कर्तबगार बाई' असा काहीसा विषय होता. बाबाने रेकॉर्डिंग पाठवलं. तू किती छान उभी होतीस — हात मागे, मान सरळ. आणि तू ती गोष्ट सांगितलीस, आपल्या घरात सगळ्यांना तोंडपाठ असलेली. साखर कारखान्यात कॉम्प्युटरचं घड्याळ चुकत होतं, मोठमोठे इंजिनिअर हरले, आणि मग आजीने नुसतं शांत बसून, नीट बघून, चूक शोधून काढली. शेवटी मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं नाही.

मोठमोठे इंजिनिअर कुणी नव्हते. एकच मुलगी होती. तिचं नाव सुजाता. हे नाव तुम्ही आपल्या घरात कधी ऐकलं नसेल. का ऐकलं नसेल, तेच सांगायला बसले आहे. पण सरळ तिथे पोचता येत नाही मला. जरा फिरून येते.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. नगरच्या एमआयडीसीत एक लहानसं वर्कशॉप होतं, तिथे मी नोकरी करायचे. मालकांना आम्ही सगळे नुसतं 'साहेब' म्हणायचो. आधी तिथे कारखान्यांसाठी विजेची पॅनेलं बनायची — लोखंडी कपाटं, त्यांवर दिवे, काटे, बटणं. मग कॉम्प्युटर आले. साहेबांनी ठरवलं, आता ऑपरेटरला भिंतभर काटे बघत उभं राहायला नको. एका पडद्यावर बॉयलरचं चित्र, त्यात पाणी किती, वाफ किती, आणि पडद्यावरच बटणं. असे पडदे आम्ही तयार करू लागलो.

ते तपासायचं काम माझं. मी फिजिक्सची पदवीधर, मिशनच्या शाळेत शिकलेली, इंग्रजी पक्कं. परदेशी यंत्रांची जाडजूड पुस्तकं वाचून साहेबांना समजावून सांगणारी मी एकटीच. वर्कशॉपमधून पडदा बाहेर जाण्याआधी मी त्यावरचं प्रत्येक बटण दाबून बघायचे. नीट दाबायचे, मुद्दाम चुकीचं दाबायचे, दोन एकदम दाबायचे. माझे स्वयंपाकघरातले डबे तुम्ही पाहिलेत, ओळीने लावलेले. तशीच माझी तपासणी. साहेब पाहुण्यांना सांगायचे, बाईंच्या हातून गेलं की मी डोळे मिटून सही करतो. ते वाक्य मी घरी नेऊन पुन्हा पुन्हा काढून बघायचे, नव्या साडीसारखं.

मग सुजाता आली.

ती काष्टीची. बौद्ध कुटुंब, वडील — ती त्यांना आण्णा म्हणायची — जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. वय माझ्या निम्मं. एक लांब वेणी, साधे ड्रेस, आणि टाइप करताना खाली न बघणारी बोटं. ती बोटं मला सर्वांत आधी खुपली. मी टाइपरायटरच्या परीक्षा दिलेली बाई — पण हिच्या हातात काहीतरी वेगळंच होतं. साहेब एखादी अडचण सांगायला लागायचे आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत हिचं डोकं पुढच्या गल्लीत पोचलेलं असायचं.

मत्सर मोठ्या गोष्टींनी सुरू होत नाही — हे मला तेव्हा कळलं. साहेब पूर्वी सकाळी आल्यावर माझ्या टेबलाशी थांबायचे. आता ते खुर्ची ओढून तिच्याजवळ बसू लागले. चहावाला पहिला कप तिकडे ठेवू लागला. ती माझ्याशी वाईट वागली असती तर किती बरं झालं असतं. पण ती मला विचारल्याशिवाय काही करत नसे. "मॅडम, तुम्ही एकदा बघा ना. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही." ती हे मनापासून म्हणायची. मला ते साहेबांच्या खुर्चीपेक्षा जास्त टोचायचं. मला शाबासकी देणारी ही कोण?

एका रविवारी मी तिला घरी जेवायला बोलावलं. का? चांगलं दिसावं म्हणून असेल. तुमचा बाबा तेव्हा अकरावीत होता. आईच्या नोकरीबद्दल त्याने कधी एक प्रश्न विचारला नव्हता. त्या दिवशी तो सुजाताला सोडेचना. कॉम्प्युटरला कसं कळतं, प्रोग्रॅम म्हणजे काय, आपण लिहू शकतो का — आणि तिने जेवणाची ताटं बाजूला सरकवून, जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला लिहून लिहून, त्याला त्याच्या आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम शिकवला. मी आत पोळ्या लाटत होते. तो हसत होता, जोरात. माझ्याशी तो तसं हसणं सोडून दोन वर्षं झाली होती.

कॉम्प्युटरची गोडी आईने लावली, असं तुमचा बाबा आता सगळीकडे सांगतो. त्याला खरंच तसं आठवतं. आठवणारच. मी तिचं नाव घरात घेणं बंद केलं, मग दुसरं कोण उरलं?

आता घड्याळाकडे येते. नीट समजून घ्या, अवघड नाही.

जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या बॉयलरसाठी आम्ही पडदा केला होता. तिथे दोन घड्याळं होती. एक बॉयलरशेजारच्या पॅनेलमध्ये, कंट्रोलरच्या — बॉयलरवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राच्या — आत. बॉयलरमधलं पाणी उतरलं की कंट्रोलर स्वतःच्या घड्याळात बघून वेळ टिपायचा. दुसरं घड्याळ कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरमध्ये. ऑपरेटरने पंपाचं बटण दाबलं की कॉम्प्युटर त्याच्या घड्याळात बघून वेळ टिपायचा. पडद्यावर हे सगळं एकाखाली एक दिसायचं — पाणी केव्हा उतरलं, माणसाने बटण केव्हा दाबलं. दोन्ही घड्याळं एक असली तरच त्याला अर्थ. म्हणून सुजाताने असं लिहिलं होतं की रोज पहाटे कॉम्प्युटर स्वतःची वेळ कंट्रोलरला देईल. वर्कशॉपमध्ये आम्ही ते तपासलं. मीच तपासलं. चोख होतं.

कारखान्यात बसवलं आणि बिनसलं. कधी पडदा म्हणायचा, माणसाने पंप आधी चालू केला आणि पाणी नंतर उतरलं. कधी म्हणायचा, धोक्याची घंटा वाजून गेली आणि माणूस नुसता बसून राहिला. फरक कधी दोन मिनिटांचा, कधी सातचा. काही दिवशी काहीच नाही. हा नुसता आकड्यांचा घोळ नव्हता. भानुदास तात्या म्हणून जुने ऑपरेटर होते, त्यांना चीफ इंजिनिअरने सगळ्यांसमोर विचारलं होतं, घंटा वाजली तेव्हा डुलकी लागली होती का. तात्यांचं आयुष्य त्या बॉयलरपुढे गेलेलं. साहेबांना कारखान्याने बजावलं, हे दुरुस्त करा, नाहीतर तुमचा कॉम्प्युटर घेऊन जा.

आम्ही दोघी रोज कारखान्याच्या जीपने जायचो. मी कंट्रोल रूममध्ये तात्यांच्या मागे खुर्ची टाकून बसायचे आणि पडद्यावर काय उमटतंय ते बघायचे. सुजाता खाली, बॉयलरकडे, पॅनेल उघडून. तिथे उकाडा, बगॅसचा, म्हणजे पिळलेल्या उसाच्या चिपाडाचा, भुगा हवेत उडत असायचा, केसांत बसायचा. ती केबल बदलायची, बॅटरी बदलायची, पुन्हा बसवायची. घड्याळ हळू पळत असेल असं तिला वाटलं. पण हळू पळणारं घड्याळ रोज सारखंच हळू पळतं, हे कसंही पळायचं. तिने मग दिवसातून एकदाच्या ऐवजी दर तासाला वेळ द्यायचं केलं. तर आणखी विचित्र — एकच मिनिट दोनदा उगवायला लागलं. जे होऊन गेलं ते पुन्हा होतंय असं पडदा दाखवायचा. सगळं सामान ती नगरला परत आणायची, टेबलावर मांडायची, आणि तिथे दोन्ही घड्याळं जुळ्या भावांसारखी चालायची.

आणि मला — मला माहीत होतं.

दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. दुपारी बाराला पाळी बदलते. तात्या आले, बूट काढले, खुर्चीला हात लावून नमस्कार केला. बाहेर भोंगा झाला. तात्यांनी पडद्यावरचं वेळेचं बटण दाबलं आणि कॉम्प्युटरची वेळ बरोबर बारा केली. इतक्या सहज, जसं आपण चष्मा पुसतो.

मी विचारलं, हे काय केलंत?

"चार्ज घ्यायचा म्हंजी आदी घड्याळ भोंग्यावर लावायचं, मॅडम. पैल्यापासून हाय. पूर्वी भिंतीवरचं लावायचो, आता ह्ये लावतो. सगळेच लावत्यात, तिन्ही पाळीवाले."

मी विचारलं, आणि भोंगा बरोबर असतो का?

तात्या हसले. "भोंगा हातानं वाजवत्यात. खालच्या अंगाची एस.टी. आली, गडी फाटकातनं आत आले, मंग वाजतो. गाडी लेट, तर भोंगा लेट. गरिबाचा खाडा कशाला करायचा? पर एकदा वाजला की वाजला — त्योच कारखान्याचा टाइम."

बघा, किती सोपं. रोज तीन वेळा तीन माणसं कॉम्प्युटरचं घड्याळ एस.टी.वर लावत होती, आणि कंट्रोलरला त्याचा पत्ता नव्हता. वर्कशॉपमध्ये चूक दिसत नव्हती, कारण वर्कशॉपला भोंगा नव्हता. बटण वाटेल त्याला दाबता येत होतं, हे खरं तर माझ्याच तपासणीतून सुटलेलं.

तेव्हा मला काय वाटलं, ते लिहायलाच मी इतकी पानं फिरतेय. शोध लागल्याचा आनंद झाला का? झाला असेल, क्षणभर. त्याच्या पाठोपाठ दुसरा आनंद आला, आणि तो मोठा होता — की हे तिला माहीत नाही. खाली, त्या उकाड्यात, हातभर वायरी घेऊन ती बसली आहे, तिलाही तो भोंगा ऐकू येतो, रोज येतो, आणि तिला माहीत नाही. मी उठून खिडकीशी गेले. तिची वेणी पाठीवर घामाने चिकटलेली दिसत होती. मी परत येऊन खुर्चीत बसले.

त्या दिवशी सांगितलं नाही. स्वतःला म्हटलं, आधी खात्री करू. दुसऱ्या दिवशी खात्री झाली. मग म्हटलं, शोधू दे तिलाच, शिकेल. हे मी स्वतःला म्हटलं! तुम्हाला खोटं बोलायचं असेल ना, तर आधी स्वतःला पटवावं लागतं. मी फार पटकन पटले.

आणि तरी इथपर्यंत ते नुसतं गप्प राहणं होतं. कदाचित मी हे कधीतरी विसरूनही गेले असते. पण एक दिवस आम्ही कारखान्याच्या गेस्ट हाऊसच्या ओट्यावर डबे उघडून बसलो होतो. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात धरून राहिली.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही दिवसभर वर असता. कॉम्प्युटरच्या घड्याळाला कुणी हात लावतं का हो?"

कळतंय का तुम्हाला? तिने ओळखलं होतं. केबल नाही, बॅटरी नाही, प्रोग्रॅम नाही — सगळं एकेक करून बाजूला काढत ती बरोबर दारात येऊन उभी राहिली होती. फक्त ढकलायचं बाकी होतं. आणि ती वर जाऊन स्वतः बघू शकली असती, पण तिथे मी होते ना. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, हे तिचंच म्हणणं.

"नाही," मी म्हणाले. "माझ्यासमोर तरी कुणी नाही लावत."

"मग माझ्याच लिहिण्यात काहीतरी आहे," ती म्हणाली, आणि तो तुकडा खाल्ला.

मी तिला माझ्या डब्यातलं लोणचं वाढलं. तिने ते घेतलं, आणि चांगलं झालंय म्हणाली.

पुढे सगळं माझ्या मनासारखं होत गेलं. साहेब चिडले होते. कारखान्याकडून रोज फोन. एका सकाळी ते पुन्हा माझ्या टेबलाशी येऊन थांबले — किती दिवसांनी! — आणि विचारलं, बाई, तुम्हाला काय वाटतं या मुलीबद्दल? त्या वर्षी बंगलोरला नव्या सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण होतं, एकाच माणसाला पाठवायचं होतं, आणि सुजाताचं नाव जवळजवळ नक्की होतं. मला ते माहीत होतं.

मी म्हणाले, "हुशार आहे. पण पाया कच्चा आहे."

एवढंच. आमच्यासारखी माणसं याहून उघड काही बोलत नाहीत. बोलावं लागत नाही. कुणाच्या पायाबद्दल असं म्हटलं की ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं, हे मला माहीत होतं, आणि साहेबांनाही. हाच डिप्लोमा आमच्या नात्यातल्या मुलाने केला असता तर मी त्याच्या पायाबद्दल बोलले असते का? ती कोणत्या घरातली आहे हे माझ्या मनात कधी आलंच नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. आलं होतं. नेमकं हवं तेव्हा आलं, आणि मी ते वापरलं.

साहेबांनी सुजाताला त्या कामावरून काढलं आणि मागच्या खोलीत पॅनेलच्या वायरिंगला बसवलं. मला म्हणाले, आता तुम्हीच बघा.

मी लगेच काही केलं नाही. लगेच केलं असतं तर संशय आला असता. चारदोन दिवस कारखान्यात जाऊन बसले, कपाळाला आठ्या घालून. मग साहेबांना म्हटलं, उद्या दुपारी तुम्ही स्वतः या आणि माझ्यामागे नुसते उभे राहा. ते आले. चीफ इंजिनिअरही आला. बाराचा भोंगा उशिरा वाजला. तात्यांनी हात पुढे केला, वेळेचं बटण दाबलं. मी साहेबांकडे वळून पाहिलं. त्या वळण्याची मी आदल्या दिवशी आरशासमोर तयारी केली होती, हेही लिहून टाकते.

साहेबांनी टेबलावर थाप मारली. बाईंनी पकडलं, म्हणाले. चीफ इंजिनिअरने तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तुमच्यावर उगाच शंका घेतली म्हणाला. तात्या भांबावले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पर म्या तर मॅडमला आदीच —"

"तात्या," मी म्हणाले, "साहेबांना चहा सांगता ना?"

तात्या चहा सांगायला गेले. त्यांनी पुढे कधी कुणाला काही सांगितलं नाही. मात्र त्यानंतर मी कारखान्यात गेले की ते खुर्ची पुसून पुढे करायचे आणि मोठ्या अदबीने म्हणायचे, "बसा मॅडम. आज तरी काय दिसतंय का तुमास्नी?" बाकीचे ऑपरेटर समजायचे, तात्या थट्टा करतात. मीही हसायचे.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाचीही नव्हती. वेळेच्या बटणाला कुलूप घातलं, पासवर्डचं. भिंतीवर एक वेगळं घड्याळ टांगलं, ते त्यांनी खुशाल भोंग्यावर लावावं. वर्कशॉपमध्ये पेढे वाटले. बंगलोरला मी गेले. तो दगडी इमारतीसमोरचा फोटो तुमच्या दिवाणखान्यात आहे — माझ्या गळ्यात ओळखपत्र आहे तो.

पेढे वाटले त्या दिवशी सुजाता मागच्या खोलीतून माझ्या टेबलाशी आली. मी मान वर केली. तिला आठवत असणारच, ओट्यावरचा प्रश्न. तिला आठवत होता.

"मी तुम्हाला विचारलं होतं ना मॅडम, हात लावतं का कुणी म्हणून," ती म्हणाली. "तुमच्यासमोर नसतील लावत तेव्हा. तुमची पाठ वळल्यावर लावत असतील." आणि पुढे म्हणाली, "बरं झालं तुम्ही होतात. मला वाटलं होतं, मला वेड लागतंय."

माझ्यासाठी सबबसुद्धा तिनेच शोधून दिली. मी ती घेतली. होय म्हणाले, माझ्यासमोर लावायचे नाहीत ते. हे दुसरं खोटं. पहिल्याहून सोपं गेलं.

त्यानंतर ती बदलली. टाइप करताना खाली बघायला लागली. एखादं साधं काम दिलं तरी तीनतीनदा तपासायची आणि तरी विचारायची, मॅडम, बरोबर आहे ना? पूर्वी ती मला मान द्यायला विचारायची, आता भीतीने विचारायला लागली. दोन्ही प्रश्नांचे शब्द तेच होते. मी दर वेळी बघून द्यायचे. माझ्यासारखी मदत तिला कुणीच केली नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. काही महिन्यांनी तिने नोकरी सोडली. काष्टीला एका पतसंस्थेत कारकून म्हणून लागली. घराजवळ आहे, म्हणाली. साहेबांनी फार आग्रह केला नाही. मी तिला निरोपाला एक पेन दिलं.

ती गेल्यावर मत्सर गेला का? तुम्हाला वाटेल, कारण गेलं म्हणजे गेला असेल. नाही. तुमचा बाबा अधूनमधून विचारायचा, सुजाताताई आता काय करतात? तो विचारायचा आणि तो जुना मत्सर पुन्हा तसाच पेटायचा. पतसंस्थेतल्या त्या कारकुनीचाही मला हेवा वाटला आहे — कारण ती रात्री काहीही न लपवता झोपत असेल. एकदा मी त्याला म्हटलं, लग्न होऊन गेली ती, पत्ता नाही. मग त्याने विचारणं सोडलं. तिचं लग्न झालेलं नव्हतं.

एकदा भेटली. ते सांगते, आणि मग माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

त्या दशकाची अखेर आली होती. तुमचा बाबा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. मी नगरला माळीवाड्याच्या एस.टी. स्टँडवर कुणाला तरी पोचवायला गेले होते. काष्टीकडे जाणारी गाडी लागायची होती, आणि बाकावर सुजाता. अंगाने थोडी भरलेली, वेणीऐवजी अंबाडा. मला बघून ती उठून उभी राहिली. अजून तितकंच मनापासून. तिच्याबरोबर तिची धाकटी बहीण होती, नुकतीच दहावी झालेली, कविता नाव. तिने खाली वाकून माझ्या पायाला हात लावला, कारण ताईने खूण केली.

"ह्या त्या मॅडम," सुजाता तिला म्हणाली. "ज्यांनी ते घड्याळ पकडलं."

म्हणजे माझी ती गोष्ट त्यांच्याही घरात सांगितली जात होती.

मी काहीतरी विचारायचं म्हणून कविताला विचारलं, पुढे काय? ती बोलणार तोच सुजाता हसून म्हणाली, "गणितात पैकीच्या पैकी पडलेत, म्हणून हिला इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचंय. मी म्हटलं, डी.एड. कर, मास्तरीण हो, आण्णांसारखी. आमच्या घरात ते डोकं नाही मॅडम. मी करून बघितलं ना."

तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. आपली उंची सांगावी तसं सांगितलं तिने. कविता मात्र माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं की ह्या बाई काहीतरी बोलतील. ह्या बंगलोरला जाऊन आलेल्या, ताई ज्यांचं नाव घेते त्या. ताईचं मन वळलं असतं तर ते माझ्या शब्दाने वळलं असतं, हे त्या मुलीला बरोबर कळलं होतं. मी नुसतं एवढं म्हणायचं होतं, सुजाता, तू बरोबर होतीस. आजूबाजूला आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. साहेब नव्हते. नोकरी जाणार नव्हती. प्रशिक्षण कधीच होऊन गेलं होतं. माझं काही म्हणता काही जाणार नव्हतं, फक्त तिच्या डोळ्यांतली मी गेले असते.

गाडी लागली. लोक धावले. सुजाताने पिशवी उचलली. कविता अजून उभी होती.

"डी.एड.सुद्धा चांगलंच असतं," मी तिला म्हणाले.